बेसूर वाजविणाऱ्याची कैफियत

गेल्या मार्गशीर्षात धरमपेठेतील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही आठदहा मंडळी जमलो होतो. मंडळी सारी सुशिक्षित. कोणी वकील, कोणी डॉक्टर, तर दोघेतिघे माझ्याप्रमाणे प्राध्यापकीत केस पांढरे केलेले. गाण्याची आवड सर्वांसच. बोलता बोलता दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गवसणी घालून ठेवलेल्या पेटीकडे कोणाचे तरी लक्ष गेले आणि 'ही अजून वाजते काय?' असा प्रश्न निघाला. त्यावर एक सद्गृहस्थ, ज्यांच्या रसिकतेविषयी आमच्या वर्तुळात मोठा आदर आहे, म्हणाले की, आता घरोघर पेटी बडविण्याचे प्रयोजन संपले. साऱ्या घराण्यांचे उत्तमोत्तम गायन ज्याच्या खिशात पडले आहे, त्याने स्वतःच्या जाड बोटांनी भूपाची विटंबना कशाला करावी? सर्वांनी माना डोलाविल्या. यजमानांनीही हसत हसत सांगितले की, येत्या उन्हाळ्याच्या आवराआवरीत ती अडगळ काढून टाकावयाचीच आहे.

मीही मान डोलाविली. घरी परतताना मात्र त्या मान डोलाविण्याची मला लाज वाटू लागली. कारण मी स्वतः रोज पेटी वाजवितो, आणि वाईट वाजवितो. ज्या गोष्टीवाचून माझी सकाळ सुनी जाते तिची चारचौघांत टवाळी होत असता मी गप्प बसलो, हे मला खुपत राहिले. त्या दिवशी जे बोलावयास हवे होते ते येथे लिहीत आहे. त्या सद्गृहस्थांविषयी माझ्या मनात किंतु नाही. त्यांचे मत हे आज आपल्या मध्यमवर्गाचे सर्वसंमत मत झाले आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्याने कधीच काही गाइले अथवा वाजविले नाही त्याचे ऐकणे अपुरे राहते. आणि ज्या समाजात मूठभर लोक गातात व उरलेले सारे केवळ ऐकतात, त्या समाजातील गाणेही कालांतराने दुबळे होते. सबब घरात बसून वाईट वाजविणे हा क्षम्य अपराध आहे एवढेच म्हणून मी थांबत नाही. संगीतावर प्रेम करणाऱ्या गृहस्थाचे ते कर्तव्य आहे असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम माझी योग्यता सांगतो, म्हणजे वाचकांचा गैरसमज व्हावयास नको. पेटी मी वडिलांकडून शिकलो. महालातील आमच्या जुन्या घरी दर गुरुवारी भजन होई व वडील पेटीवर बसत. त्यांना शास्त्र ठाऊक नव्हते; ठाऊक होती ती काळी दोनची पट्टी आणि शेजाऱ्यांचे गळे. त्यांच्यामागून मी थोडाबहुत रीतसर शिकलो, पुढे अध्यापनाच्या व्यापात वीस वर्षे पेटीला हात लावला नाही, आणि गेली तीन वर्षे पुन्हा लावीत आहे. दहा थाटांतील सोपे राग वाजवितो. द्रुत लयीत बोटे अडखळतात. तान म्हणून जे निघते तिला तान म्हणणे हे तानेवर अन्याय करणारे होईल.

नागपुरात वाजविण्यास वेळही निवडून घ्यावी लागते. चैत्र संपला की घरोघर कूलर लागतात आणि पुढले अडीच महिने साऱ्या शहराचा एकच षड्ज होतो. कूलरच्या त्या घरघरीत आवाजाला स्वतःचा एक सूर असतो, तो पेटीच्या कोणत्याच पट्टीशी जुळत नाही, आणि कूलर बंद करावा तर बोटांना घाम सुटून ती पट्ट्यांवरून घसरतात. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला बसतो. पेटीलाही हे हवामान सोसत नाही. वैशाखात भात्याचे सांधे उकलतात, आणि मृगाच्या सरी आल्या की लाकूड फुगून एखादी पट्टी दाबली ती दाबलेलीच राहते. गतवर्षी आषाढात माझा कोमल निषाद असा पंधरा दिवस अखंड गात होता. या साऱ्या कटकटीतून मला काय मिळते, हाच खरा प्रश्न आहे.

एक उदाहरण देतो. खिशातील यंत्रावर तानपुरा लावून त्याशेजारी मी पेटी धरतो. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली आणि जवारी मोकळी असली, की त्या तारेतून गंधार आपोआप उमटतो; जुने लोक त्यास स्वयंभू गंधार म्हणत. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग कल्पिले तर हा गंधार षड्जापासून सुमारे ३८६ भागांवर येतो. पेटीचे बारा सूर मात्र युरोपीय रीतीने समान अंतरांवर बसविलेले असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार ४०० भागांवर असतो. हे चौदा भागांचे अंतर. पुस्तकात मी हे पंचविशीतच वाचले होते आणि वर्गात ऐटीने सांगितलेही होते. पण ते मला ऐकू आले केव्हा, तर पन्नाशी उलटल्यावर एका पहाटे यमनाचा गंधार दाबून धरला असता. तानपुऱ्यातून एक गंधार येत होता, माझ्या बोटाखालून दुसरा. दोहोंच्या मध्ये हवा थरथरत होती. पंचमावर गेलो तर थरथर जवळजवळ थांबली, कारण तेथे अंतर अवघे दोन भागांचे. त्या दिवसापासून कोणत्याही थोर गायकाचा यमन ऐकताना तो गंधारावर येऊन स्थिरावला, की तो कोठे स्थिरावला हे मला कळते. त्यापूर्वी तीस वर्षे मी यमन ऐकत होतो आणि 'वाहवा' म्हणत होतो. ती वाहवा खोटी नव्हती. परंतु कशाला दिली जात होती हे देणाऱ्यास ठाऊक नव्हते.

दुसरे उदाहरण याहून नामुष्कीचे. दरबारी पेटीवर वाजवून पाहावा. त्यातील कोमल गंधार हा खाली झुकून संथपणे आंदोलत राहतो. पेटीवर तो मिळत नाही. पट्टी दाबावी तर एक कोरडा, ताठ सूर निघतो आणि राग समोर उभा राहण्याऐवजी कानडा कुळातील एखादा पोरका नातलग दारात येऊन उभा राहतो. माझ्या रसिक मित्रांस यात पेटीचा पराभव दिसेल, आणि तो आहेच. पण असा पराभव रोज सकाळी पत्करणारा मनुष्य संध्याकाळी जेव्हा अमीर खाँसाहेबांचा दरबारी ऐकतो, तेव्हा तो तहानेने ऐकतो. ज्या जागेपाशी आपण हात टेकले तीच जागा दुसऱ्याने सहज ओलांडलेली पाहणे, यातील आनंद केवळ ऐकणाऱ्याच्या वाट्यास येत नाही. त्याला ओढाच दिसलेला नसतो, मग उडीचे कौतुक तो काय करणार?

हा विचार काही माझ्या पदरचा नव्हे. 'राजनीती' या ग्रंथाच्या आठव्या भागात अॅरिस्टॉटलने नेमका हाच प्रश्न घेतला आहे. मुलांनी स्वतः गावे-वाजवावे काय, की दुसऱ्यांचे ऐकून आनंद घ्यावा? स्पार्टाचे लोक न शिकताच उत्तम परीक्षा करतात असा त्यांचा दावा होता. तोही त्याने नमूद केला आहे. परंतु त्याचा निर्णय असा की, ज्यांनी प्रत्यक्ष क्रियेत भाग घेतला नाही त्यांना चांगले परीक्षक होणे अशक्य नसले तरी अतिशय कठीण आहे. त्याबरोबरच त्याने एक मर्यादाही घातली आहे: शिक्षण स्पर्धेच्या आणि चमत्काराच्या थराला नेऊ नये, उत्तम सुरावटीचा आनंद घेण्याची पात्रता येईल इतपतच न्यावे. तरुणपणी वाजवावे आणि वय झाले की सोडून द्यावे, असेही तो म्हणतो. येथे मात्र माझा त्याच्याशी मतभेद आहे. त्याच्या नगरात म्हाताऱ्यांना ऐकावयास मिळे ते समोर बसलेल्या माणसाचे. यंत्राने त्यांचे कान रात्रंदिवस भरलेले नव्हते.

आणि यंत्राविषयी इशारा मिळाला नव्हता असेही नाही. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला आणि हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा व्यापार सुरू झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९०६ मध्ये, अमेरिकेतील प्रसिद्ध बँडप्रमुख व संगीतकार जॉन फिलिप सूसा याने यांत्रिक संगीताच्या संकटावर एक लेख लिहिला. त्याची मुख्य भीती ही की, घरात यंत्र आले म्हणजे हौशी वादक नाहीसा होईल, आणि मग मागे उरतील ती यंत्रे व थोडे धंदेवाईक. त्या काळी लोक त्याला हसले असतील. सूसाच्या काळची तबकडी एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे वाजे. आजचे खिशातील यंत्र अहोरात्र वाजते. यंत्राने मला कमी दिले असे म्हणण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. माझा तानपुराही त्यातलाच आहे. परंतु वाढलेले ताट समोर आले म्हणजे चूल विझविलीच पाहिजे, असा नियम कोणी केला?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शुद्धतावाद्यांचा. ते म्हणतात, पेटी हे मुळातच परकीय, ताठ, मींडहीन वाद्य. ते घरोघर शिरल्याने कान बिघडले. या आक्षेपाला इतिहास आहे. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास दबँ याने घडविलेले हे वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या हाताशी आणले. मराठी मुलखात संगीत नाटकांनी त्याला मान दिला; १९११ मध्ये 'मानापमान' रंगभूमीवर आले तेव्हा त्याच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः पेटीचे असामान्य वादक होते. याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स हे इंग्रज सनदी अधिकारी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करण्याच्या खटपटीस लागले होते. म्हणजे दोष मराठी माणसांस ठाऊक होता, आणि तो दूर करण्याची धडपडही ते करीत होते.

परंतु दिल्लीच्या रेडिओ खात्याला ही धडपड पुरेशी वाटली नाही. तेथे पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीवर झोड उठविली होती. रवींद्रनाथांनाही तिचा तिटकारा होता. अखेर १९४० च्या मार्चात ऑल इंडिया रेडिओवरून पेटीला बंदी झाली. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. आमच्या नागपूरचे केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले ते ही बंदी घेऊनच. माझे वडील सांगत की, रेडिओवर गाणे ऐकून झाल्यावर ते पेटी काढीत तेव्हा त्यांना किंचित चोरट्यासारखे वाटे. सरकारी पेटाऱ्यातून जे वाद्य हद्दपार झाले ते आपण घरात बाळगतो आहोत!

या बंदीने काय साधले? गायकांनी मैफलीत पेटी सोडली नाही. १९७० नंतर बंदी सैल झाली ती काही पेटीचा गंधार चौदा भागांनी उतरला म्हणून नव्हे. कान हुकमाने सुधारत नाहीत, हेच त्यातून सिद्ध झाले. याच प्रकारचा दुसरा प्रयोग बाळकृष्ण केसकरांनी केला. १९५२ साली ते नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. हेतू उदात्त होता. पण लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. शुद्धतावाद्यांस माझे नम्र सांगणे आहे की, पेटीचा दोष मला पेटीनेच दाखविला. कोणत्याही परिपत्रकाने दाखविला नाही. जो ती तानपुऱ्याशेजारी वाजवील त्याचा कान बिघडण्याऐवजी जागा होईल. आणि ज्यांस पेटी नकोच त्यांनी सतार घ्यावी, बासरी घ्यावी, नाहीतर गळा आहेच. माझा हट्ट वाद्याचा नसून हात घालण्याचा आहे.

दुसरा आक्षेप गुरुजनांचा. तो अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, अर्धवट विद्या वाईट. चुकीचे वळण बोटात बसले की सुटत नाही. हे खरे आहे, आणि ज्याला मैफलीत बसावयाचे आहे त्याने हे वाक्य उशाशी ठेवावे. पण सर्वांनाच मैफलीत बसावयाचे नाही. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील कोणत्याही खेड्यात जाऊन पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील भजनी मंडळी खंजिरी घेऊन बसतात. तेथे झांज हातात देण्यापूर्वी कोणी कोणाच्या सुराची परीक्षा घेत नाही. ज्याचा सूर लागत नाही तो हळू म्हणतो, शेजाऱ्याचे ऐकतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचा सूर लागू लागतो. हे शिक्षण फुकट आहे, आणि सामुदायिक आहे. आम्ही सुशिक्षितांनी मात्र गाण्याभोवती एक कुंपण घातले: आत कलावंत, बाहेर श्रोते. कुंपणाबाहेर बसलेल्याने टाळ्या वाजवाव्यात, एवढीच त्याची वाद्यकला.

या कुंपणाचे फाटक म्हणजे परीक्षा. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले ते गाणे सभ्य गृहस्थाच्या घरात नेण्यासाठी, आणि ते त्यांनी नेलेही. त्या ऋणातून आपला मध्यमवर्ग कधी मुक्त होणार नाही. पण आम्ही त्या व्यवस्थेचे काय केले? प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या मुलाला चढावयास लावल्या आणि दहावीचे वर्ष आले की त्याला शिडीवरून उतरवून घेतले. प्रमाणपत्र भिंतीवर, पेटी माळ्यावर. जो आईबाप 'याचा पुढे काय उपयोग?' असे विचारतो, तो गणिताविषयीही तेच विचारतो, पण तेथे त्याला उत्तर मिळते. येथे मिळत नाही; आणि उत्तर मिळत नाही म्हणून तो समजतो की उपयोग नाही. दुसऱ्या टोकाला दूरचित्रवाणीवरील स्पर्धा आहेत. तेथे दहा वर्षांचे पोर नाट्यगीत असे सफाईने गाते की घरी बसलेल्या शंभर पोरांना वाटावे, आपण तोंड न उघडलेलेच बरे.

तिसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. वाड्यात भिंती जाड असत आणि माणसे परिचित. सदनिकांत भिंती पातळ आणि माणसे अनोळखी. दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या समितीने मला एक सौम्य पत्र पाठविले होते, की पहाटेच्या वादनामुळे काही रहिवाशांस उपसर्ग होतो. मी खिडक्या लावून घेऊ लागलो, वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली, आणि ते योग्यच झाले. दुसऱ्याची झोप ही माझ्या भैरवापेक्षा पवित्र आहे. परंतु त्याच इमारतीपुढून त्याच वर्षी मिरवणूक गेली तेव्हा ध्वनिवर्धकांच्या भिंतीने आमच्या खिडक्यांची तावदाने अर्धा तास हादरत होती, आणि त्याबद्दल पत्र कोणालाही गेले नाही. यंत्राचा गोंगाट आम्हांस निसर्गाच्या कोपासारखा वाटतो, तो सोसावयाचा. माणसाच्या हातची चूक मात्र आम्हांस असह्य होते. ही सहनशक्तीची वाटणी उफराटी आहे.

आता श्रोत्यांच्या त्या राज्यात गाण्याचे काय होते ते पाहू. सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात मी वर्षानुवर्षे जात आहे. ज्यांच्या नावाने ते उभे आहे त्यांनी गाण्याचे पहिले धडे याच शहरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी घेतले, आणि पुढे कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करीत गाणे सांभाळले. प्रतिभावंताचे उदाहरण मी माझ्यासारख्या सामान्यांच्या समर्थनार्थ वापरणार नाही; ते लबाडीचे होईल. मला सांगावयाचे आहे ते सभागृहातील टाळ्यांविषयी. टाळी कोठे पडते? तबलजीशी झटापट झाली की पडते, तान तीन सप्तके हिंडून आली की पडते, सूर पुष्कळ वेळ ओढून धरला की पडते. म्हणजे जेथे श्रम दिसतात तेथे. पण गायक एखादा वर्ज्य सूर टाळून अवघड वाटेने षड्जावर येतो, अथवा समेच्या अलीकडे अर्धी मात्रा थबकतो, तेथे सभागृह स्वस्थ असते. केवळ दोनचार ठिकाणाहून एखादा हलका उद्गार येतो. मध्यंतरात मी त्या उद्गारांच्या दिशेने चौकशी करीत गेलो आहे. प्रत्येक वेळी नव्हे, पण बहुतेक वेळा तो मनुष्य घरी काहीतरी वाजविणारा निघाला: निवृत्त पोस्टमास्तर, तबल्याची आवड असलेले दंतवैद्य, भजन म्हणणाऱ्या एक वृद्ध बाई.

आपल्याकडे अभिनवगुप्ताने काव्याचा खरा वाचक तो 'सहृदय' असे सांगितले. अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो सहृदय. हे अनुशीलन गाण्यात कशाने व्हावयाचे? नुसते ऐकूनही पुष्कळ होते हे मी नाकारीत नाही. हाताने ते अधिक खोल होते, एवढेच म्हणतो. आणि गायक मूर्ख नसतो. सभागृहात उद्गार काढणारी माणसे चाराची दोन झाली, दोनाची एक झाली, की तो ती अवघड वाट चालण्याचे सोडून देतो. मग आम्हीच म्हणतो, आताच्या गाण्यात पूर्वीची खोली राहिली नाही.

येथवर मी इतरांविषयी लिहिले. आता स्वतःचा गुन्हा कबूल केल्यावाचून ही कैफियत पुरी व्हावयाची नाही.

माझी मुलगी मध्यमापर्यंत पेटी शिकली होती. परीक्षा संपल्यानंतरही ती अधूनमधून पेटी काढी. तिच्या पंधराव्या वर्षी एकदा संध्याकाळी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन घरी आलो. ती यमन वाजवीत होती आणि एकाच जागी पुनःपुन्हा चुकत होती. मी थकलो होतो, आणि मला वाटे की माझा कान फार तयार आहे. मी म्हणालो, 'बाळ, हे असे वाजविण्यापेक्षा तोच वेळ किशोरीताईंचे ऐकण्यात घालव.' ती काही बोलली नाही. भात्याची कडी लावली, गवसणी घातली. त्यानंतर तिने पेटी उघडली नाही. पुढे घर बदलले तेव्हा पेटी माळ्यावर गेली आणि तेथे सहा वर्षे राहिली.

धरमपेठेतील त्या सद्गृहस्थांचे वाक्य मला झोंबले याचे खरे कारण हे आहे. ते वाक्य माझेच होते. बारा वर्षांपूर्वी मी ते माझ्या घरात उच्चारले होते, आणि ते खरे ठरले होते: एक वाजविणारी कमी झाली. मला वाटले होते की मी तिला चांगले ऐकावयास शिकवीत आहे. वस्तुतः मी तिला एवढेच शिकविले की, उत्तमाच्या सान्निध्यात तिच्या हातांना जागा नाही. त्या दिवशी ती ज्या जागी चुकत होती ती जागा मला आज नेमकी ठाऊक आहे, कारण मीही तेथेच चुकतो: निषादावरून रिषभास येताना षड्ज टाळावयाचा असतो आणि बोट सवयीने त्यावर पडते. ती ती सवय मोडू पाहत होती. ती शिकत होती.

तीन वर्षांपूर्वी मी पेटी खाली काढली. भाता फाटला होता, काही सूर कसरीने खाल्लेल्या बनातीमुळे फुसफुसत होते. इतवारीतील एका वयस्कर कारागिराने ती तीन आठवडे ठेवून घेतली आणि परत देताना विचारले, 'घरात वाजवतं कोण?' मी म्हणालो, 'मीच.' तो म्हणाला, 'मग बरं. पेटी वाजवली नाही तर लवकर मरते.' मुलगी आता बंगळुरास असते. सुटीत येते तेव्हा पेटीवरून हात फिरविते, अजून भाता उघडलेला नाही. मी आग्रह करीत नाही. जे एका वाक्याने बंद झाले ते दुसऱ्या वाक्याने उघडेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. मी फक्त ती घरी असतानाही पहाटे वाजवितो, आणि यमनातील ती जागा चुकलो तर थांबून पुन्हा घेतो.

वाचकांजवळ माझे मागणे फार नाही. ज्यांच्या माळ्यावर पेटी आहे त्यांनी ती खाली काढावी. दुरुस्तीचा खर्च एका मैफलीच्या पुढल्या रांगेतील आसनांहून फारसा अधिक येत नाही. दिवसाकाठी वीस मिनिटे वाजवावी, खिडकी लावून वाजवावी, आणि कोणी हसले तर हसू द्यावे. घरात मूल चुकीचे वाजवीत असेल तर थोर गायकांचे नाव घेऊन त्याच्या अंगावर जाऊ नये. शक्य झाल्यास शेजारी बसावे, आणि आपणही चुकून दाखवावे. धरमपेठेतील त्या स्नेह्यांना मी काल दूरध्वनी केला आणि त्यांची पेटी विकावयाची असल्यास प्रथम मला कळवावे असे सांगितले. कशाला हवी, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, विकत घेण्यासाठी नव्हे. एकदा तुमच्याकडे येऊन, ती तुमच्यासमोर वाईट वाजवून दाखविण्यासाठी. येत्या रविवारी त्यांनी मला बोलाविले आहे.